थेंबांचा ढग की आडव्या हिमचकत्यांचा? लायडरला पडणारा पेच

लायडर म्हणजे लेझरचा झोत सोडून परत येणारा उजेड दुर्बिणीने टिपणारं यंत्र. ढग पाण्याचा की बर्फाचा, हे लायडर ठरवतो ते प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून. लेझरचा झोत एकाच प्रतलात कंप पावणारा सोडायचा आणि परत आलेल्या उजेडातला किती भाग त्या प्रतलातून ढळला ते मोजायचं. हे विध्रुवीकरण. गोल थेंबावरून उजेड जवळजवळ जसाच्या तसा परततो. वेड्यावाकड्या दिशांनी पसरलेल्या हिमस्फटिकांत तो आत शिरतो, पैलूंवर आपटतो आणि बदलून बाहेर येतो. तिथे विध्रुवीकरणाचं गुणोत्तर साधारण 0.3 ते 0.5 भरतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण बर्फाच्या षट्कोनी चकत्या सगळा हिशेब बिघडवतात. खाली पडताना हवेचा रोध त्यांना आडवं करतो, रुंद बाजू जमिनीकडे. सरळ खाली (किंवा सरळ वर) रोखलेल्या झोताला अशी चकती आरशासारखी भेटते: परतावा झगझगीत, विध्रुवीकरण जवळपास शून्य. अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या, पाण्याच्या थरातूनही असाच झगझगीत, कमी विध्रुवीकरणाचा परतावा येतो. तापमानाचीही मदत होत नाही, कारण उणे 15 अंशांच्या आसपास चकत्या छान वाढतात आणि थेंबही न गोठता तग धरतात. हा घोटाळा साधा नाही. अतिशीत थेंब विमानाच्या पंखावर आदळून गोठतात. शिवाय ढग किती ऊन परतवतो, तेही पाणी की बर्फ यावर अवलंबून असतं.

दोघांना वेगळं काढायची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे झोत किंचित कलवणं. थेंब सगळीकडून सारखाच, त्याला कलण्याने फरक पडत नाही. आडव्या चकतीवर मात्र झोत 3 अंशांनी तिरका पडला, तर परावर्तित किरण झोतापासून 6 अंश दूर जातो आणि दुर्बिणीला चुकतो. झगमगाट मावळला, तर त्या चकत्याच. दुसरी खूण थेंबांकडे आहे: दाट ढगात उजेड थेंबाथेंबांवरून अनेकदा विखुरतो, म्हणून परतावा वाढतो तसं विध्रुवीकरणही वाढतं. चकत्यांचा परतावा कितीही वाढला तरी ते कमीच राहतं.

नासा आणि फ्रान्सची अंतराळ संस्था सीएनईएस यांचा कॅलिप्सो उपग्रह 28 एप्रिल 2006 ला झेपावला, तेव्हा त्याचा लायडर उभ्या रेषेपासून जेमतेम 0.3 अंश कललेला होता. चकत्यांची चमक इतकी नडली, की नोव्हेंबर 2007 मध्ये हा कल 3 अंश केला गेला. पाणी-बर्फाची ओळख त्यामुळे सुधारली, आणि माझ्या मते निर्णय योग्यच होता. पण चकत्या कशा पडतात हेच ज्यांना अभ्यासायचं आहे, त्यांच्यासाठी कल बदलण्याआधीची मापनं आजही मोलाची आहेत. पुढच्या मापनांत चकत्यांची ती ओळख बरीचशी पुसली गेली. जमिनीवरच्या लायडरला अशी निवड करावी लागत नाही. तो थोडा वेळ उभा, थोडा वेळ तिरका रोखून एकाच ढगाच्या दोन्ही नोंदी घेऊ शकतो.