व्ही-इंजिन : दोन बाजूंच्या इंधनमिश्रणातील तफावत व तिचे निदान

सिलिंडरांच्या दोन ओळी असलेल्या पेट्रोल इंजिनात एका ओळीतील हवा-इंधन मिश्रण दुसरीपेक्षा विरळ (गॅरेजच्या भाषेत ‘लीन’) किंवा दाट (‘रिच’) होणे, हा एक दोष. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी प्रत्येक ओळीच्या एक्झॉस्टमध्ये वेगळा ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याच्या संकेतानुसार ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) त्या ओळीच्या इंजेक्टरांचा (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांचा) उघडा राहण्याचा काळ कमी-जास्त करते. ही दुरुस्ती टक्क्यांत मोजतात. तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. तिचे तात्कालिक व दीर्घकालीन असे दोन आकडे असून निदानासाठी त्यांची बेरीज पाहावी लागते. बेरीज अधिक आली, तर ईसीयू पेट्रोल वाढवत आहे; उणे आली, तर कमी करत आहे.

ऑक्सिजन सेन्सर प्रथम व्होल्वोच्या २४० मालिकेतील गाड्यांत आला. त्याचे वर्ष कुठे १९७६, तर कुठे १९७७ दिले जाते. हा फरक उत्पादन-वर्ष व नमुना-वर्ष यांतला असावा. त्या गाड्यांचे इंजिन एका ओळीचे असल्याने बाजूंचा प्रश्न तेथे नव्हता. जनरल मोटर्सच्या १९८० च्या दशकातील यंत्रणांत हीच दुरुस्ती टक्क्यांऐवजी १२८ हा तटस्थ अंक मानून दाखवली जाई. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ (गाडीतील दोष स्वतःच नोंदवणारी प्रमाणित यंत्रणा) सक्तीची झाली आणि दोषसंकेत एकसारखे झाले : पहिली ओळ विरळ असल्यास पी०१७१, दाट असल्यास पी०१७२, दुसरीसाठी अनुक्रमे पी०१७४ व पी०१७५.

‘पहिली ओळ’ (बँक १) कोणती, याबद्दल गोंधळ फार. ती डावी, असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही. क्रमांक १ चा सिलिंडर ज्या ओळीत, ती बँक १, ही व्याख्याच ग्राह्य धरावी. शेवरोलेच्या पारंपरिक व्ही-८ मध्ये हा सिलिंडर डाव्या ओळीत, फोर्डच्या व्ही-८ मध्ये उजव्या ओळीत असतो. इंजिन आडवे बसवलेल्या व्ही-६ गाड्यांत तर ओळी डावी-उजवी नसून पुढची-मागची असतात. उलट, बीएमडब्ल्यूच्या काही सरळ सहा-सिलिंडर इंजिनांत १ ते ३ व ४ ते ६ असे दोन गट करून त्यांनाच बँक म्हटले आहे. म्हणजे ‘बँक’ ही संज्ञा बाजूची नसून सेन्सरच्या अखत्यारीची आहे. हे न पाहिल्याने चांगला सेन्सर बदलला जातो आणि बिघडलेला तसाच राहतो.

दोष एकाच ओळीत असला, की दोन्ही ओळींना सामाईक असलेले पेट्रोल पंप, फिल्टर, हवामापक सेन्सर हे भाग बहुधा निर्दोष ठरतात. मग फ्युएल ट्रिमचे आकडे स्कॅनर (ईसीयूतील आकडे वाचणारे उपकरण) लावून आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) आणि मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर घेतात. आयडलवर मोठा अधिक आकडा आणि फेऱ्या वाढताच तो उतरला, तर त्या बाजूच्या इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचे) गॅसकेट फटीतून हवा खेचत असावे. धूर भरून गळती शोधता येते. आकडा भाराबरोबर वाढला, तर चोंदलेल्या इंजेक्टरचा संशय घ्यावा. मात्र सेन्सर पूर्ण ओळीची सरासरी सांगतो. चारांपैकी एक इंजेक्टर ४०% कमी पेट्रोल देत असला, तर ओळ साधारण १०% विरळ दिसते. ईसीयू चौघांचेही पेट्रोल वाढवते आणि तीन चांगले सिलिंडर दाट होतात.

सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे सिलिंडर मिसिंग करत असला (त्यात ठिणगीने मिश्रण पेटत नसले), तर न जळलेले पेट्रोल बाहेर पडत असूनही ओळ विरळ भासते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. स्कॅनर ‘लीन’ म्हणतो आणि प्लग मात्र काळे निघतात.

एक ओळ अधिक आणि दुसरी उणे असेल, तर निदान वेगळे. हवामापक एकच असलेल्या इंजिनात एका बाजूचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणारा भाग) तुंबला, की त्या बाजूला हवा कमी जाते. ईसीयू मात्र पेट्रोल सारखेच वाटते. तुंबलेली बाजू दाट, मोकळी बाजू विरळ होते. एकाच बाजूची टायमिंग चेन (झडपांची वेळ जुळवणारी साखळी) सरकली, तरी असेच घडू शकते. इंजिनकामानंतर दोन्ही सेन्सरांचे प्लग अदलाबदल झाले, तर आकडे विरुद्ध टोकांना पळतात, कारण प्रत्येक ओळ दुसरीच्या चुकीची शिक्षा भोगते. थंड इंजिनात ईसीयू सेन्सरांकडे पाहत नसल्याने तोवर गाडी ठीक चालते.

सेन्सर अदलाबदल करून पाहावे, की आधी आकडे वाचावेत, याबाबत दोन मते आहेत. अदलाबदलीत दोष सेन्सरबरोबर सरकला, तर उत्तर लगेच मिळते. पण जुने सेन्सर काढताना आटे जातात. आकड्यांपासून सुरुवात करणे बरे. ±१०% पर्यंतचा आकडा साधारणतः चालतो, ही मर्यादा ढोबळ आहे. दोन्ही ओळी +८% असणे आणि एक +८%, दुसरी −८% असणे यांत बरेच अंतर आहे.

कार्ब्युरेटरच्या काळात हे काम कानाने होई. जॅग्वार ई-टाइपच्या १९७१ मधील व्ही-१२ इंजिनाला चार कार्ब्युरेटर होते; अशा जोडण्यांत नळी कानाला लावून हवेचा आवाज जुळवत.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर बहुतेक पेट्रोल गाड्या तीन-चार सिलिंडरांच्या, एका ओळीच्या. तेथे स्कॅनरवरील ‘बी-२’ची (बँक २ ची) ओळ रिकामीच राहते.