आतड्याच्या कॅन्सरमधलं पोषण आणि दाहाचे मार्कर

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झालेलं माणूस ऑपरेशन, केमो कितपत सोसेल याचा अंदाज दोन बाजूंनी घेतात. एक पोषण, म्हणजे वजन, स्नायू, जेवण, आणि दुसरी अंगातला दाह, जो सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन), पांढऱ्या पेशी वगैरे रक्ताच्या रिपोर्टात दिसतो. कागदावर या दोन गोष्टी वेगळ्या, पण या आजारात त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एक सोडून दुसरी वाचली की हमखास चुकतं.

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही घरात अशा पेशंटबद्दल एकच वाक्य ऐकू येतं, खातात हो, पण अंगाला लागत नाही. ते खरंच आहे. गाठ आणि तिच्या आजूबाजूच्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं रक्तात सोडतात, ती लिव्हरला पोचली की लिव्हर सीआरपी भराभर बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रोटीनचं काम मागे टाकतं, तीच रसायनं मेंदूतली भूक मारतात आणि स्नायूंतलं प्रोटीन मोडायला लावतात. नुसत्या उपासात शरीर खर्च आवरतं आणि स्नायू जमेल तेवढे राखतं, इथे ते राखणं जमत नाही. याला कॅचेक्सिया म्हणतात. २०११ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर तो धरतात, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २० च्या खाली असेल तर २ टक्के सुद्धा पुरे. वर आतड्याचं स्वतःचं दुखणं असतंच, जेवल्यावर कळ येते म्हणून माणूस खायला भितं, उजव्या बाजूच्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात राहतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. त्यात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, दाहामुळे वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो.

सगळ्यात जास्त गैरसमज अल्ब्युमिनचा. ते डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली आलं की घरात लगेच जेवणाकडे बोट जातं आणि स्वयंपाक करणारी बाई मनातून खचते. अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, सुमारे २० दिवसांचं, शिवाय दाह असला की ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, म्हणून चार दिवस अंडी खाऊ घालून आकडा हलत नाही. सीआरपीचं अर्धं आयुष्य साधारण १९ तास, म्हणून तो झटकन चढतो, झटकन उतरतो. अल्ब्युमिन कमी आणि सीआरपी जास्त असेल तर त्या कमीचा मोठा वाटा दाहाचा असतो, तो दोष जेवण करणाऱ्यावर टाकू नये.

म्हणूनच दोन्ही आकडे जोडून पेशंटला पुढे धोका किती ते सांगणारा ग्लासगो स्कोअर काढतात. आता वापरतात त्या सुधारित पद्धतीत सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शून्य, त्याच्या वर गेलं तर १, आणि वर अल्ब्युमिनही ३.५ च्या खाली असेल तर २. स्कोअर जितका जास्त तितका धोका जास्त. इथे युनिट बघायलाच हवं, काही लॅब सीआरपी डेसिलिटरमध्ये देतात, तिथे १ म्हणजे इकडचे १०. साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं गुणोत्तरही निघतं, ७२ आणि १८ टक्के असतील तर ४. जपानच्या ओनोडेरांनी १९८४ मध्ये अल्ब्युमिनला १० ने गुणून त्यात लिम्फोसाइटच्या संख्येचा ०.००५ पट मिळवायचा हिशोब दिला, म्हणजे ३.२ आणि १२०० ला ३८, आणि ४० च्या खाली आतडं कापून जोडणं टाळावं असं त्यांचं म्हणणं होतं.

यातला एकही मार्कर कॅन्सरचा स्वतःचा नाही. पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला, दाताला पू झाला, न्यूमोनिया झाला तरी सीआरपी चढणारच. ऑपरेशननंतर तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांचाच चढतो, पण चौथ्या दिवशीही १५० च्या वर राहिला तर सर्जन आतड्याचा जोड गळतोय का ते बघतात.

वजनकाटाही फसवतो. पोटात किंवा पायात पाणी साठलं की वजन टिकल्यासारखं दिसतं, आणि जाड माणसाचे स्नायू आतून झिजलेले असले तरी बाहेरून कळत नाही. म्हणून सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू मोजतात, स्कॅन आधीच झालेला असतो त्यामुळे वेगळा खर्च नाही.

युरोपच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. आपल्याकडे आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज देतात, पोटाला ती हलकी आणि पाणीही जातं, पण प्रोटीन अगदी थोडं, त्यामुळे नुसत्या पेजेवर आठवडे काढणं मला धोक्याचं वाटतं. १०० ग्रॅम बांगड्यात किंवा तारल्यात १८-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं, काटे काढून हुमणातला (माशाच्या कालवणातला) मासा भातात कुस्करून दिला की बरेच जण खातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजा मासा महागतो, पुढे श्रावण लागतो आणि कितीतरी घरांत मासा पूर्णच थांबतो, नेमकी त्याच दिवसांत केमो चालू असेल तर अंडी, कुळथाची पिठी, मुगाचं कढण, दही, पनीर हे आधीपासून ठरवून ठेवावं लागतं. तिझनात, म्हणजे नाचणीच्या पातळ खिरीत, दुधाची पावडर घातली तर वाटी तेवढीच राहते आणि प्रोटीन वाढतं. मात्र आतडं अरुंद झालेलं असेल तर कच्चं तवसं (मोठी काकडी), पालेभाज्यांचे देठ, नारळाचा चोथा असलं काही देण्याआधी डॉक्टरला किंवा डाएटिशियनला विचारायचं, कारण तिथे अडकलं की रात्री बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात धावावं लागतं.