पेशी, पडदे आणि छिद्रे: बुरशीच्या जीवाश्म बीजाणूंची ओळख

तळ्याचा जुना गाळ किंवा शेलसारखा खडक हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांत विरघळवला, की चुना आणि वाळू नाहीशी होते आणि परागकणांबरोबर काही तपकिरी, काळपट सूक्ष्म पुटिका मागे उरतात. हे बुरशीचे बीजाणू. त्यांच्या भिंतीत कायटिन हा चिवट पदार्थ असतो आणि त्याला मेलॅनिन या गडद रंगद्रव्याची जोड मिळाली, तर ती भिंत आम्लालाही दाद देत नाही. पातळ, रंगहीन भिंतीचे बीजाणू मात्र बहुधा टिकत नाहीत. त्यामुळे काचपट्टीवर जे दिसते ते त्या काळच्या सगळ्या बुरशींचे नव्हे, तर मुख्यतः गडद बीजाणूंच्या बुरशींचे चित्र असते, हे अभ्यासकाला आरंभीच ध्यानात घ्यावे लागते.

जिवंत बुरशी ओळखताना तिचे तंतू, फलपिंड (बीजाणू जिथे तयार होतात तो भाग), ती ज्या झाडावर वाढते ते झाड आणि आता डीएनएही हाताशी असते. खडकातून सुटून आलेला बीजाणू या सर्वांपासून तुटलेला असतो, म्हणून त्याचे वर्गीकरण रूपावरच करावे लागते. त्याचा पाया इटलीचे कवकशास्त्रज्ञ सक्कार्दो यांनी 19व्या शतकात घातला: एका पेशीचे, दोन पेशींचे, आडव्या पडद्यांनी अनेक कप्पे झालेले, उभ्या-आडव्या पडद्यांमुळे विटांच्या भिंतीसारखे दिसणारे, सुतासारखे लांब, शंखासारखे वळलेले आणि चांदणीसारखे फाटे फुटलेले बीजाणू. जीवाश्मांच्या बाबतीत त्यात छिद्रांचीही भर पडली. एक पेशी आणि एकही छिद्र नसेल तर इनअ‍ॅपर्टिस्पोरायटीस, एक छिद्र असेल तर मोनोपोरिस्पोरायटीस, दोन असतील तर डायपोरिस्पोरायटीस. अशी शेकडो नावे विखुरलेल्या शोधनिबंधांत पडून होती. कलगुटकर आणि यान्सोनियस या अभ्यासकांनी 2000 साली त्यांचे एकत्र संकलन प्रसिद्ध केले आणि तुलनेचे काम पुष्कळ सुकर झाले.

ही नावे प्रजातींची (जीनसची) म्हणून दिलेली असली, तरी त्यांवरून नाते सिद्ध होत नाही. एकच बुरशी लैंगिक आणि अलैंगिक अवस्थेत अगदी वेगळे बीजाणू तयार करू शकते, आणि परस्परांशी दूरचाही संबंध नसलेल्या बुरशींचे साधे, गोल, एकपेशीय बीजाणू हुबेहूब सारखे असू शकतात. माझ्या मते रूपावर आधारलेले कोरडे नाव हेच अशा वेळी प्रामाणिक नाव होय; आजच्या एखाद्या बुरशीचे नाव त्याला घाईने चिकटवले, की तिचे हवामान आणि अधिवासही पुराव्याविना त्या खडकावर लादले जातात.

फलपिंड सापडले तर ही अडचण बरीच कमी होते. दख्खनच्या लाव्हाथरांमधील चर्ट या सिलिकायुक्त कठीण खडकात वनस्पतींचे भाग सिलिकामय होऊन जतन झाले आहेत. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या छिंदवाडा (आता पांढुर्णा) जिल्ह्यातील सौसर परिसरातल्या अशा चर्टमधून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि राव यांनी 1943 साली कुपीच्या आकाराच्या फलपिंडाची पॅलिओसॉर्डेरिया ही बुरशी नोंदवली.

पण काही वेळा सुटा बीजाणूही पुरेसा बोलका असतो. स्पोरोर्मिएला ही शाकाहारी प्राण्यांच्या शेणावर वाढणारी बुरशी आहे. तिचे बीजाणू गवतावर पडतात, गवताबरोबर प्राण्याच्या पोटात जातात आणि शेणातून बाहेर येऊन रुजतात. तिच्या गडद बीजाणूच्या प्रत्येक पेशीवर बहुधा तिरपी किंवा किंचित वळलेली फट असते, त्यामुळे पेशी सुट्या झाल्या तरी त्या ओळखता येतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या अ‍ॅपलमन तळ्याच्या गाळात हे बीजाणू सुमारे 14,800 ते 13,700 वर्षांपूर्वीच्या काळात घटत गेलेले दिसतात, आणि परागकणांतील मोठा बदल व कोळशाच्या कणांची वाढ त्यानंतर दिसते. म्हणजे तेथे मॅस्टोडॉनसारखे (हत्तीसारखा नामशेष प्राणी) महाकाय शाकाहारी प्राणी आधी कमी झाले आणि जंगलाचे स्वरूप व वणवे मागून बदलले, असा अर्थ 2009 मध्ये संशोधकांनी लावला. तरीही गाळातील या पेशींची नोंद ‘स्पोरोर्मिएला-प्रकार’ अशीच करतात, कारण प्र्यूसिया या जवळच्या बुरशीचे बीजाणू जवळपास तसेच असतात आणि तिच्या काही जाती शेणाऐवजी मातीत किंवा कुजक्या वनस्पतींवरही वाढतात.