बालआनंद मेळावा

बालआनंद मेळावा : प्राथमिक शाळेच्या पटांगणात मुलांनी स्वतः दुकाने मांडून भाजीपाला, खाद्यपदार्थ किंवा हाताने केलेल्या वस्तू खऱ्या पैशांना विकण्याचा उपक्रम. बहुधा एका दिवसाचा, त्यातही दोन-तीन तासांचा. बालमेळावा, बालबाजार, आठवडी बाजार, खरी कमाई ही नावे सर्रास एकमेकांऐवजी वापरली जातात. मात्र त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. ज्या मेळाव्यात विक्री नसते, नुसते खेळ, गाणी, कागदकाम, मातीकाम यांचे कोपरे असतात, त्यालाही हेच नाव आहे. प्रस्तुत नोंदीत बाजाराच्या रूपाचाच विचार केला असून उदाहरणे सोलापूर जिल्ह्यातील आहेत.

उगम : याविषयी चार मते मांडता येतात. पहिले मत नई तालीमकडे बोट दाखवते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. मुलांनी काही तरी करावे आणि ते विकले जावे, हा धागा तिथे सापडतो खरा. पण त्या योजनेत मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा अशी अपेक्षा होती, मूल स्वतः गिऱ्हाइकासमोर बसावे ही नव्हे. साम्य वरवरचे आहे.

दुसरे मत बालशिक्षणाच्या चळवळीचे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे ताराबाईंनी व अनुताई वाघांनी बालवाडीचे प्रयोग केले. ‘दुकान दुकान’ हा खेळ शिक्षणाचे साधन मानण्याची दृष्टी या परंपरेत बसते. तरीही खेळातल्या दुकानात चिंचोके आणि खडे चालतात. तिथे तोटा होत नाही. बालबाजारात तो होतो, आणि हा फरक लहान नाही.

तिसरे मत स्काउट-गाइड पथकांच्या ‘खरी कमाई’कडे जाते. भारत स्काउट आणि गाइड ही एकत्रित संघटना १९५० मध्ये आकाराला आली. अंगमेहनतीची छोटी कामे करून पैसे मिळवायचे, हा खरी कमाईचा मूळ विचार. महाराष्ट्रातील शाळांत त्याला पुढे खाद्यपदार्थांच्या दुकानांचे रूप आले. भेळ, वडापाव, ताक, पाटीवर खडूने लिहिलेले भाव, शेवटी गल्ल्याची मोजणी हे सारे तिथे आहे. चौथे मत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचे. १९९४ पासून हा कार्यक्रम महाराष्ट्रातील निवडक जिल्ह्यांत राबवला गेला आणि ‘आनंददायी शिक्षण’ हा शब्दप्रयोग त्या दशकात शिक्षकांच्या तोंडी बसला असावा.

या चौघांपैकी एकालाच श्रेय देण्याचा आग्रह निष्फळ वाटतो. मांडणी पाहता दुकान खरी कमाईतून आले आणि नाव आनंददायी शिक्षणातून, असे समजणे सयुक्तिक ठरते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेल्या आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उचलून धरलेल्या कार्यानुभवामुळे दोहोंना वेळापत्रकात जागा मिळाली. एक बदल मात्र वाटेत झाला : खरी कमाईचा पैसा पथकाचा असतो, मेळाव्यातला ज्याच्या त्याच्या खिशात जातो.

सोलापूर जिल्हा : १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा वर सांगितलेल्या १९९४ च्या कार्यक्रमात नव्हता. शेजारचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) होता. बार्शी तालुका तर त्याला लागूनच. शब्द आणि रीत सीमेपलीकडून आली असण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.

मेळावा साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात भरतो. बालदिन (१४ नोव्हेंबर) आणि सावित्रीबाई फुले जयंती (३ जानेवारी) ही निमित्ते. खरे कारण हंगामाचे आहे. वाटाणा, गाजर, बोरे, हरभऱ्याचे डहाळे, ओल्या शेंगा, पुढे हुरडा हे सारे याच दिवसांत घरात असते आणि शेतकऱ्याच्या पोराला भांडवल लागत नाही. सोलापूर शहरातल्या मुलांना दुकानांची रांग म्हटली की जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा आठवतो, सांगोल्याकडच्या मुलांना रविवारचा जनावरांचा बाजार; दुकान मांडण्याची ऐट त्या त्या नमुन्यावर जाते.

कडक भाकरी, धपाटे आणि शेंगाचटणी हे जिल्ह्यातले ठरलेले जिन्नस. हिशेबाच्या दृष्टीने शेंगाचटणीचे दुकान पाहण्याजोगे असते. समजा, चौथीतल्या मुलीने १२० रुपयांचे शेंगदाणे आणले आणि चटणीच्या पुड्या विकून १५५ रुपये जमवले. फळ्यावर ती नफा ३५ रुपये लिहिते. लसूण, तिखट आणि मीठ घरातले. त्यांचे पैसे कुणी दिले, हा प्रश्न गुरुजींनी विचारला की आकडा २० च्या खाली येतो. चटणी कुटली कुणी, हा पुढचा प्रश्न. ‘आईनं’ असे उत्तर येते आणि वर्गात हशा पिकतो, कारण आईची मजुरी धरली तर दुकान तोट्यात जाते. दुसऱ्या दिवशीचा हा तास हा मेळाव्याचा गाभा होय. पुष्कळ ठिकाणी तो होत नाही. फीत कापणे, सत्कार आणि छायाचित्रे यांत उत्साह संपतो.

संख्यावाचन : मेळाव्यातील सर्वांत गुंतागुंतीची बाब पैशांची नसून संख्यांच्या नावांची आहे. मराठीत २१ ते ९९ या संख्यांत बहुतेक ठिकाणी एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर : एकवीस, बत्तीस, एकाहत्तर. लिहिताना मात्र दशक आधी येतो. एकोणऐंशीसारख्या नावात तर पुढच्या दशकातून एक वजा करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर एक’ अशी वाचनपद्धती आल्यावर राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बदलाचे समर्थन करताना दक्षिणेकडील भाषांचा दाखला दिला होता.

तो दाखला सोलापुरात पुस्तकी राहत नाही. कन्नडमध्ये ७१ ला ‘एप्पत्तोंदु’ म्हणतात (एप्पत्तु म्हणजे सत्तर, ओंदु म्हणजे एक), तेलुगूत ‘डेब्बै ओकटि’. दोन्हींत दशक आधी. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत घरी कन्नड बोलणारी, शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीत घरी तेलुगू बोलणारी मुले मराठी शाळेत आली की दोन्ही रीती त्यांच्या डोक्यात असतात. बाजारात आजी मराठीत भाव करते, पोर मनात कन्नडमध्ये बेरीज करते आणि सुट्टे परत देताना पुन्हा मराठीत येते. ३७ म्हणताना ७३ लिहिण्याची चूक शिक्षकांना नेहमी दिसते; ती मुलाची मंदगती समजणे चुकीचे आहे, कारण अडचण भाषेच्या रचनेतच आहे. व्यवहारात गिऱ्हाईक ‘सत्तर एक’ म्हणत नाही, म्हणून जुनी नावे सोडून चालत नाही. नव्या वाचनाने स्थानिक किंमत स्पष्ट होते, हेही मान्य करावे लागते. दोन्ही शेजारी ठेवण्याचे धोरण अधिक व्यवहार्य दिसते.

कन्नड, तेलुगू व उर्दू माध्यमांच्या शाळांतही मेळावे भरतात. पाट्या बहुधा दोन लिप्यांत असतात.

शिक्षकांचा भाग : १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रे (जवळपासच्या शाळांचे गट) निर्माण करून प्रत्येकावर केंद्रप्रमुख नेमण्याची योजना झाली. केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीला पूर्वी गटसंमेलन म्हणत. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या सुमारास ‘शिक्षण परिषद’ हे नाव रूढ झाले. मेळाव्याची देवाणघेवाण खऱ्या अर्थाने इथे होते : कुणी वजनकाट्याऐवजी दगडाची मापे करून आणतो, कुणी हिशेबाचा तक्ता दाखवतो, कुणी मोठ्या मुलांना ‘बँक’ चालवायला देण्याची युक्ती सांगतो. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था माळशिरस तालुक्यात वेळापूर येथे आहे.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोग केला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या पारितोषिकापैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. आता तोच चौकोन मेळाव्यात दुसऱ्या वाटेने शिरला आहे. ‘स्कॅनर आहे का?’ असे पालक विचारतात आणि मुलाच्या बापाच्या फोनवर पैसे जमा होतात. सोयीचे असले तरी सुट्टे मोजण्याचा सराव त्याने बुडतो. म्हणून काही शिक्षक रोखीचाच आग्रह धरतात.

संलग्न उपक्रम : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. सोलापुरात त्यासाठी चादर आणि टॉवेलचे माग हाताशी आहेत. २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. सोलापूर विज्ञान केंद्राला शाळांच्या सहली जातात. नाट्यक्षेत्रात २०१५ मध्ये पहिले अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन सोलापुरात भरले. कांचन सोनटक्के अध्यक्ष होत्या.