वांगावर आतून गोळी, बाहेरून सीरम : ही बेरीज कुठे जमते?

चेहऱ्यावरचे वांगाचे डाग घालवण्यासाठी ग्लुटाथायोनची (शरीरातही बनणाऱ्या एका ऑक्सिडीकरणरोधक पदार्थाची) पाण्यात विरघळणारी गोळी आणि व्हिटॅमिन सीचे सीरम एकाच खोक्यात घालून विकणाऱ्या जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात. ‘आतून आणि बाहेरून दुहेरी परिणाम’ हे त्यांचे ठरलेले आश्वासन. ते वरवर पटतेही. परंतु असा परिणाम मिळण्यासाठी पोटात गेलेला पदार्थ त्याच रूपात आणि पुरेशा प्रमाणात त्वचेपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि वरून लावलेल्या औषधाने न अडवलेली पायरी त्याने अडवली पाहिजे. या दोन्ही अटी पुऱ्या करणारे एक औषध आहे, मात्र ते रक्तस्राव थांबवण्यासाठी शोधले गेले होते.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते तयार करणाऱ्या रंगपेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनच्या कणांचा आकार, प्रकार आणि वाटणी यांमुळे. टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनते, त्याची पहिली पायरी टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर (एन्झाइम) घडवून आणते, आणि तयार झालेले कण एकेक रंगपेशी आपल्या शाखांमधून आसपासच्या सुमारे ३६ केराटिन-पेशींना (बाह्यत्वचेचा बहुतेक भाग ज्यांनी बनतो त्या पेशींना) पुरवते. गाल, कपाळ आणि वरच्या ओठावर वांगाचे तपकिरी डाग येतात, तेव्हा तिथल्या रंगपेशी गरजेपेक्षा जास्त काम करत असतात. ऊन, आनुवंशिकता, गर्भनिरोधक गोळ्या आणि गरोदरपण ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. (ज्या गरोदरपणात मूल गोरे व्हावे म्हणून आईला केशर घातलेले दूध पाजले जाते, त्याच गरोदरपणात तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर वांग येण्याचा संभव वाढतो. बाळाचा रंग आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो, केशरावर नव्हे. आणि वांगाचा ‘रक्त अशुद्ध होण्या’शीही काही संबंध नाही.)

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या त्या औषधाकडे, म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक आम्लाकडे वळू. त्याचे गुणधर्म १९६२ साली जपानमधील ओकामोटो या संशोधक दांपत्याने जगापुढे मांडले. पाळीतील अतिरक्तस्रावासाठी आपल्याकडेही ते सर्रास दिले जाते. १९७९ मध्ये जपानमध्येच अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णाला हे औषध दिले असता त्याचे वांगाचे डाग फिके झाल्याचे लक्षात आले. रक्त गोठण्याचा चेहऱ्याच्या रंगाशी काय संबंध, याचे उत्तर प्लाझ्मिन या विकरात आहे. रक्ताची गुठळी विरघळवणे हे प्लाझ्मिनचे परिचित काम. परंतु प्लाझ्मिनोजेन हे त्याचे पूर्वरूप त्वचेतही असते. अतिनील किरण पडले की केराटिन-पेशी त्याला जागे करणारा पदार्थ अधिक प्रमाणात बनवतात. जागे झालेले प्लाझ्मिन पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल मोकळे करवते, त्यापासून प्रोस्टाग्लॅंडिने बनतात, आणि ती शेजारच्या रंगपेशीला टायरोसिनेज वाढवण्याचा निरोप देतात. शिवाय पेशींबाहेरच्या जाळ्यात अडकलेले, रंगपेशींना वाढीस लावणारे एक प्रथिनही प्लाझ्मिन सोडवते. प्लाझ्मिनोजेनला हे सारे करण्यासाठी आधी लायसिन या अमिनो आम्लाच्या साहाय्याने केराटिन-पेशीला चिकटावे लागते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा रेणू लायसिनसारखा दिसतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा तो लायसिनची जागा आधीच अडवतो आणि पुढची साखळी सुरूच होत नाही. वांगाच्या डागांखाली रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात, त्यांवरही या औषधाचा परिणाम होत असावा, असे मानले जाते.

पाळीच्या तक्रारीसाठी दिवसाला ३ ते ४ ग्रॅमपर्यंत मात्रा देतात, तर वांगासाठी सामान्यतः २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तेही काही महिनेच. तरीही हे पूरक आहार म्हणून मनाने घ्यायचे औषध नव्हे. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा ज्या संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आधी हा इतिहास विचारतात. औषध थांबवल्यावर डाग पुष्कळदा परततात, हेही जाहिरातीत सांगितले जात नाही.

ग्लुटाथायोनची गोष्ट वेगळी आहे. परीक्षानळीत ते मेलॅनिनची घडण गडद प्रकाराकडून पिवळसर-तांबूस प्रकाराकडे वळवते, हे खरे. पण ते तीन अमिनो आम्लांचे बनलेले असल्याने पचनमार्गात त्याचे बरेचसे विघटन होते, आणि हाती येतात ती डाळीतूनही मिळणारी अमिनो आम्ले. अल्पकाळाच्या काही छोट्या चाचण्यांत किंचित फरक दिसला, इतकाच त्याचा पुरावा. त्याच्या इंजेक्शनांविरुद्ध फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच इशारा दिला होता. व्हिटॅमिन सी पोटातून घेतले, तर दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातील पातळी फारशी वाढत नाही आणि उरलेले लघवीवाटे जाते. एखादा बऱ्यापैकी मोठा पेरूही या मर्यादेच्या जवळ नेतो.

बाहेरून लावण्यासाठी मात्र चांगले जोडीदार आहेत. नायसिनामाइड हे मेलॅनिनचे कण केराटिन-पेशींकडे जाणे कमी करते, तर ॲझेलेइक आम्ल टायरोसिनेजला रोखते. प्लाझ्मिनची वाट अडवणाऱ्या गोळीशी यांची बेरीज जमते, कारण प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. दुकानदाराने हाती ठेवलेली स्टेरॉइडयुक्त किंवा पारा असलेली ‘गोरेपणाची’ मलमे या यादीत अजिबात बसत नाहीत: पारा टायरोसिनेजला निकामी करतो खरा, पण तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडेही बिघडवतो.

या सर्वांच्या आधी सनस्क्रीन लागते, आणि आपल्या वर्णाच्या लोकांसाठी त्यात एक बारकावा आहे. सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे, तर दृश्य प्रकाशातील निळा भागही रंगपेशींना चेतवतो, आणि नेहमीचे रंगहीन सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यासाठी लोहाची ऑक्साइडे असलेले, फिकट तपकिरी रंगाचे सनस्क्रीन उपयोगी पडते. बाह्यत्वचेतले मेलॅनिन पेशींबरोबर वर सरकून झडून जायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे कोणत्याही उपचाराचा अंदाज आठ ते बारा आठवड्यांआधी येत नाही. जे मेलॅनिन खालच्या थरात, म्हणजे आंतरत्वचेत उतरलेले असते, ते या वाटेने झडत नाही, आणि अशा राखाडी छटेच्या डागांवर गोळी व सीरम या दोहोंचाही परिणाम सर्वांत कमी दिसतो.