कॅबरे (संगीत नाटक)

नाझी सत्तेवर येण्याच्या बेतात असतानाच्या बर्लिनमधील रात्रजीवनावरचे अमेरिकन संगीत नाटक. संगीत जॉन कँडर, गीते फ्रेड एब, संहिता जो मॅस्टेरॉफ. मूळ आधार ख्रिस्तोफर इशरवूड यांच्या बर्लिनकथा आणि त्यांवरून जॉन व्हॅन ड्रूटेन यांनी लिहिलेले नाटक. पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर 20 नोव्हेंबर 1966 रोजी झाला; दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स.

किट कॅट क्लब या काल्पनिक क्लबात सॅली बोल्स गाते आणि एमसी हा सूत्रधार गिऱ्हाइकांना चिंता बाहेर ठेवून यायला सांगतो. तिकडे घरमालकीण श्नायडरबाई ज्यू फळविक्रेत्या शुल्ट्झशी ठरलेले लग्न भीतीपोटी मोडते. नाटकाचा खरा गाभा या वयस्क जोडप्यात आहे. 1972 च्या गाजलेल्या चित्रपटाने नेमके त्यालाच वगळले. पहिल्या प्रयोगातली श्नायडर म्हणजे गायिका-अभिनेत्री लोटे लेन्या. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मागे जर्मन नाटककार ब्रेख्तची जी संगीतिका आहे, तिच्या 1928 च्या बर्लिनमधील पहिल्या प्रयोगात त्या होत्या. तो काळ त्या स्वतः जगलेल्या होत्या.

प्रेक्षक हसता हसता सामील कसा होतो, हे दाखवण्यावर नाटकाचा सारा डाव आहे. बोरिस ॲरन्सन यांच्या नेपथ्यात मोठा आरसा प्रेक्षकांकडेच वळवलेला होता. एका गाण्यात एमसी फ्रॉक घातलेल्या गोरिलासोबत प्रेमाने नाचतो आणि शेवटच्या ओळीत सुचवतो, की माझ्या नजरेने पाहाल तर ती ज्यू मुळीच वाटणार नाही. 1966 मध्ये तक्रारी आल्या आणि ही ओळ बदलून सौम्य करावी लागली. चित्रपटाने ती परत आणली आणि पुढच्या प्रयोगांत ती रुळली. नाझी तरुणांच्या तोंडचे गोड गाणेही कँडर-एब या ज्यू जोडीचेच. ते अस्सल नाझी गीत आहे असा समज अजून सापडतो.

पुनरुज्जीवित प्रयोगांत सॅम मेंडिस यांचा 1993 चा, लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहातला, सर्वांत निर्णायक. प्रेक्षकांना क्लबातल्यासारखे टेबलांभोवती बसवले आणि जोएल ग्रे यांनी मूळ प्रयोगात रंगवलेला नटवा, बाहुलीसारखा एमसी ॲलन कमिंग यांनी उघडावाघडा, कामुक केला. शेवटी तो कोट उतरवतो तेव्हा आत छळछावणीचा पट्टेरी वेश असतो, त्यावर पिवळा तारा (ज्यूंची खूण) आणि गुलाबी त्रिकोण (समलिंगींची खूण). हाच प्रयोग रॉब मार्शल यांच्या सहदिग्दर्शनात 1998 मध्ये ब्रॉडवेवर आला आणि 2,377 वेळा झाला. मूळचे प्रयोग 1,165 होते.

2021 मध्ये रेबेका फ्रेकनॉल यांनी लंडनचे प्लेहाउस थिएटर आतून क्लबासारखे बदलून घेतले; एडी रेडमेन आणि जेसी बकली प्रमुख भूमिकांत होते. पडदा उघडण्याआधीच वादक-नर्तक प्रेक्षकांत वावरत. या निर्मितीला 7 ऑलिव्हिए पुरस्कार (लंडनच्या रंगभूमीचे) मिळाले. इथला एमसी बळी ठरत नाही. क्लबाचे रंग उतरत जातात आणि तोही इतरांसारखाच फिकट सूट चढवून नव्या राजवटीत मिसळतो. मेंडिस यांचा शेवट प्रेक्षकाला हळहळायची सोय ठेवतो, हा शेवट ती सोय ठेवत नाही. 2024 मध्ये ही निर्मिती न्यूयॉर्कच्या ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये गेली आणि टॉम स्कट यांना नेपथ्यासाठी टोनी हा ब्रॉडवेचा पुरस्कार मिळाला.