आवृत्ती : ‘लेटेस्ट’

वाशीतील एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर मी बाहेरची सदस्य आहे. तेथे रुग्णांवरील चाचणीसाठी आलेल्या एका प्रस्तावात छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी तीन पाने भरून मजकूर होता. ‘आवृत्ती’ या रकान्यात मात्र पेनाने एकच शब्द लिहिलेला होता, ‘लेटेस्ट’. औषधाच्या मात्रेपुढे कोणी ‘पुरेशी’ असे लिहिले असते, तर फाइल त्याच दिवशी परत गेली असती.

क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची ब्रिटनमधील यादृच्छिक चाचणी (जिच्यात कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) 1948 साली प्रसिद्ध झाली, पण पुढची अनेक दशके चाचण्यांच्या अहवालांत रुग्णांचे गट नेमके कसे पाडले हेच धडपणे लिहिलेले नसे. त्यातून 1996 मध्ये ‘कन्सॉर्ट’ ही, चाचणीच्या अहवालात काय काय लिहायला हवे याची तपासणीसूची आली. आपल्याकडे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै 2007 मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी 15 जून 2009 पासून सक्तीची झाली. या साऱ्यामागे एक गृहीत होते: पहिल्या रुग्णाला दिलेली गोळी आणि शेवटच्या रुग्णाला दिलेली गोळी एकच असते.

सॉफ्टवेअरला हे लागू नाही; चाचणी चालू असतानाच त्याची आवृत्ती बदलू शकते. शिवाय साठवलेल्या चित्रांवर उत्तम ठरलेले यंत्र दवाखान्यात अडखळते. गूगलच्या संशोधकांनी डोळ्याच्या पडद्याचे फोटो वाचणारी प्रणाली 2016 मध्ये मांडली, तेव्हा तिच्या अचूकतेची वाहवा झाली. थायलंडमधील दवाखान्यांत परिचारिकांनी काढलेल्या 1,838 फोटोंपैकी सुमारे 21 टक्के मात्र प्रणालीने दर्जाअभावी नाकारले, आणि खोलीतला प्रकाश हे त्याचे एक कारण होते.

सप्टेंबर 2020 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) चाचण्यांसाठीच्या ‘कन्सॉर्ट-एआय’ने जुन्या सूचीत 14 बाबींची भर घातली, त्या नेमक्या अशाच जागी बोट ठेवणाऱ्या: कोणती आवृत्ती वापरली, खराब किंवा न मिळालेल्या माहितीचे काय केले, यंत्राचे उत्तर डॉक्टरांच्या निर्णयात कसे उतरले, चुका कुठे झाल्या. चाचणीच्या आराखड्यासाठी ‘स्पिरिट-एआय’ ही अशीच सूची सोबतच आली. तरीही 2022 मधील एका आढाव्यात तपासलेल्या 41 चाचण्यांपैकी एकीनेही सगळी कलमे पाळलेली नव्हती. 38 चाचण्यांत खराब माहितीचा विचार नव्हता आणि तितक्याच चाचण्यांत यंत्राच्या चुकांचे विश्लेषण नव्हते. यांपैकी काही चाचण्या सूची येण्याआधीच्या होत्या, हे न्यायाला धरून सांगायला हवे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2023 मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामुळे आमच्यासारख्या समित्यांना विचारणा करायला आधार मिळाला. त्या प्रस्तावातले एक्स-रे पनवेलजवळच्या पाड्यांवर पोर्टेबल मशीनने काढायचे होते, जिथे नीट उभे राहता न येणाऱ्या म्हाताऱ्यांची छाती फिल्मवर तिरकी येते. आम्ही विचारल्यावर आवृत्तीचा क्रमांक चार दिवसांत आला. तिरक्या फिल्मचे उत्तर एका ओळीचे होते: ‘असे एक्स-रे वगळले जातील.’ किती वगळले, कोणाचे वगळले, यासाठी प्रस्तावात रकानाच नव्हता. तो घालून आणा, असे सांगून आम्ही फाइल परत पाठवली.